एकशे वीस पावलं

त्या उन्हाळ्यात वारा असा सुटला होता की सकाळी भिजवून ठेवलेला वाख दुपारच्या आत कडकडीत वाळायचा. घायपाताच्या पानांतले हे पांढरे तंतू ओलसर असले तरच बोटांतून सरळ सुटतात. कोरडे झाले की तुटतात आणि तळहात सोलून काढतात. म्हणून दोरवाला आणि त्याची बायको उजाडता उजाडता कामाला लागायची आणि ऊन डोक्यावर आलं की हात आवरायची.

काम दोघांचं होतं. वाटेच्या एका टोकाला लाकडी चाक आणि त्याच्यापुढे गरगर फिरणारे लोखंडी आकडे. चाक बायको फिरवायची. दोरवाला कमरेला वाखाचा जुडगा गुंडाळायचा, त्यातले चार तंतू आकड्यात अडकवायचा आणि बायकोकडे तोंड करून, बोटांतून सूत सोडत, एकेक पाऊल मागे सरकत जायचा. झाडांच्या रांगेखालून एकशे वीस पावलं मागे. सूत खुंटीला बांधायचं, चालत परत यायचं, पुन्हा मागे. सकाळपासून असे पंचवीस-तीस फेरे व्हायचे. तीस वर्षं तो असा उलटा चालत आला होता. बाजारात सरळ चालतानाही पाऊल चाचपून टाकायचा.

त्याच्या बायकोला घरात आणि गल्लीत सगळे थोरली म्हणत. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू नुकतीच गेलेली होती आणि घरात नऊ वर्षांचा दीर होता. त्याला तिनं न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, त्याच्या उवा काढल्या, त्याच्या मारामाऱ्या निस्तरल्या. तिला स्वतःला मूल झालं नाही, आणि धाकट्यामुळे ते फारसं जाणवलंही नाही. धाकटा मोठा होऊन गवंडी झाला. लग्नानंतर दीड खोलीच्या घरात दोन जोडपी आणि म्हातारा मावेनात, म्हणून तो खालच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत गेला. म्हातारा, म्हणजे सासरा, थोरल्यांकडे राहिला. त्याची नजर गेली होती, पण खिळ्यांच्या फळीवर वाख विंचरायला डोळे लागत नाहीत. तो दिवसभर चाकाशेजारी बसून वाख विंचरायचा आणि आवाजावरून सांगायचा, "सुनबाई, हात थकला तुझा. चाक लंगडतंय."

वाट कुणाच्या नावावर नव्हती. म्हाताऱ्याच्या बापानं ती साफ केली, दोन्ही कडेला झाडं लावली, आणि तेव्हापासून तिथे दोर वळला जात होता. शहर खालून वर सरकत आलं तरी तिकडे कुणी बघितलं नव्हतं.

मग एका सकाळी नगरपरिषदेचा माणूस खळीचा डबा घेऊन आला आणि शेवटच्या झाडाला कागद चिकटवून गेला.

थोरली सातवी शिकलेली. तिनं हात पुसले आणि मोठ्यानं वाचलं. गृहनिर्माण व मिश्र वापर प्रकल्प. तीन इमारती. आराखडा कार्यालयात पाहावयास उपलब्ध. हरकती असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी द्याव्यात.

"मिश्र म्हणजे काय गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"खाली दुकानं, वर घरं."

"मग तसं सरळ लिहायला काय झालं होतं?"

 कमरेचा वाख सोडून दोरवाला झाडापाशी गेला आणि कागद नीट चिकटलाय का ते बोटानं दाबून पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. नुसता हात लावून आला.

संध्याकाळी धाकटा आला. आला तोच हसत. "वहिनी, वाचलंत ना? शेवटी आलं! मागच्या इमारतीत लहान घरं आहेत, परिषदेच्या घरांच्या यादीतल्यांसाठी. सात वर्षं नाव आहे माझं यादीत. पहिल्या विसांत आहे."

थोरलीच्या तोंडावर आनंद आला आणि तिथेच थांबला. "भाऊजी, ती इमारत नेमकी कुठे येणार?"

धाकट्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि जमिनीवर पसरला. गवंडीच तो, नकाशा वाचायची सवय होती. त्यानं बोट ठेवलं. मग बोट जरा सरकवलं, आणि त्याचंही हसू उतरलं.

"वाटेवरून जातेय," तो म्हणाला. "पण थोडीशीच. दहा-बारा हात सरकवली की झालं. एवढी मोठी जागा आहे. एक हरकतीचा अर्ज द्या, ते सरकवतील. मी रोज बघतो, सगळीकडे सरकवतात."

"मग देऊ अर्ज," दोरवाला म्हणाला. "इमारत नको असं थोडंच म्हणतोय आपण? तुझं घर होऊ दे, आमची वाट राहू दे."

"तेच तर!" धाकटा म्हणाला. वहिनीनं केलेल्या पातळ पिठल्यात भाकरी चुरून तो पोटभर जेवला आणि लेकीसाठी वाटीभर घेऊन गेला.

अर्ज थोरलीनं लिहिला. तीन कागद फुकट गेले. चौथा घेऊन ती परिषदेच्या कार्यालयात गेली, तर खिडकीतल्या कारकूनबाईंनी तो वरवर वाचून परत सरकवला.

"जागेचा क्रमांक?"

"वाटेला क्रमांक नाही बाई."

"क्रमांकाशिवाय हरकत कशी नोंदवू? नकाशात दाखवा."

भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यात पंप होता, शाळा होती, मोडकी टाकीसुद्धा होती. थोरलीनं आपलं घर शोधलं. घराशेजारी, जिथे झाडं आणि वाट हवी, तिथे पांढरा कागद होता आणि त्यावर बारीक अक्षरात 'रिकामी जागा' असं लिहिलेलं होतं. ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "मावशी, आटपा की."

"इथे आम्ही असतो," ती नकाशावर हात ठेवून म्हणाली. हाताला चाकाचं वंगण होतं. पांढऱ्या जागी काळा अंगठा उठला. कारकूनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, सुस्कारा सोडला, आणि शेजारच्या घराचा क्रमांक घालून हरकत नोंदवून घेतली. "नकाशा पुसून घ्या तेवढा," म्हणाल्या. थोरलीनं पदरानं पुसला, तर डाग आणखी पसरला.

सुनावणीच्या दिवशी दोरवाल्यानं धुतलेला सदरा घातला. दालनात पंखे फिरत होते, परिषदेच्या समितीचे पाच जण वर बसलेले. मध्ये अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, शांत. बिल्डरचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. चित्रात हिरवी झाडं होती, मुलं सायकली चालवत होती. यादीतली माणसं मागच्या बाकांवर बसली होती, त्यांत धाकटा, त्याची बायको आणि तिच्या मांडीवर पोरगी. पोरगी खोकत होती. खालच्या गल्लीतली खोली नाल्याला चिकटून होती. भिंत बारा महिने घामेजलेली असायची आणि पोरीच्या छातीतून सारखी घरघर यायची.

दोरवाल्याला पुकारलं. तो उभा राहिला आणि सदऱ्याची बाही ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "दोराला वाट लागते."

"म्हणजे?" समितीतल्या एका सदस्यानं विचारलं. "दोर तर यंत्रावर होतो आता."

"यंत्रावर प्लास्टिकचा होतो. होडीवाले, तंबूवाले आमच्याकडे येतात. घायपाताचा दोर ओला झाला तरी हातातून निसटत नाही."

"पण एवढी लांब जागा कशाला? अर्ध्या जागेत करून जोडायचं."

मागे कुणी हसलं. दोरवाल्यानं बायकोकडे पाहिलं. ती उठली.

"साहेब, तीन सुतं एकमेकांत वळली की दोर आखडतो. एकशे वीस पावलं सूत चालावं तेव्हा ऐंशी पावलांचा दोर होतो. होडीवाल्याला ऐंशीच लागतो, मधे जोड नको. जोड असला तर नेमका वादळात तिथेच सुटेल. मग आमचं नाव निघेल, तुमचं नाही."

अध्यक्षबाई किंचित हसल्या. "इमारत सरकवली तर तुमची हरकत नाही?"

"मुळीच नाही. तिथे आमच्या दिराचं घर होणार आहे." तिनं मागे हात केला. धाकट्यानं मान डोलावली. त्याच्या बायकोनं पोरीचा हात धरून हलवला.

आठवड्यानं समिती जागा बघायला आली. चार गाड्या, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या. दोरवाला नेमका फेऱ्याच्या मधोमध होता. सूत ताणलेलं, ओलं. सोडून दिलं असतं तर पीळ उलटा सुटून सगळं फुकट गेलं असतं. तो मागे सरकत राहिला. बिल्डरचा माणूस ओरडला, "अहो, थांबा की! मोठी माणसं आलीत, दिसत नाही?" तोवर समितीतला तो सदस्य बुटांसकट जमिनीवर पसरलेल्या तयार सुतांवरून चालत पलीकडे गेला. थोरली चाक फिरवता फिरवता बघत राहिली. एक, दोन, तीन सुतं. सकाळची मेहनत.

परिषदेच्या अभियंत्यानं फीत धरली. फीत टोकाला पोचायच्या आत दोरवाल्यानं लांबी हातांत सांगून टाकली. अभियंत्यानं पाहिलं, बोटभर फरक. तो हसून म्हणाला, "तुम्हालाच ठेवायला हवं आमच्याकडे." अध्यक्षबाईंनी थोरलीला विचारून चाकाचा दांडा धरला. चार वळणं दिली आणि खांदा चोळत सोडला. "रोज किती वेळ?" त्यांनी विचारलं. "थांबेपर्यंत," थोरली म्हणाली. म्हातारा फळीशेजारून म्हणाला, "बाई नवी आहे. पण हात सरळ आहे."

दोरवाला त्या दिवशी खूष होता. "माणसं बरी आहेत," तो जेवताना दोनदा म्हणाला.

पुढच्या सोमवारी थोरली निकालाची तारीख विचारायला कार्यालयात गेली. कारकूनबाईंनी तिला खिडकीतून आत बोलावलं. आत खुर्ची दिली, तरी ती उभीच राहिली.

"मी सांगितलं असं कुठे बोलू नका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बिल्डरनं सुधारित आराखडा दिलाय. तुमची वाट ठेवलीय त्यात."

"अहो, मग चांगलंच झालं."

"ऐकून घ्या. वाट ठेवायची म्हटलं की दोन्हीकडे सोडायची जागा येते, झाडं तोडता येत नाहीत, मागचा रस्ता वळवावा लागतो. त्यानं मागची इमारतच काढून टाकलीय. पुढच्या दोन राहतील, दुकानांच्या. लहान घरं गेली."

"पण सरकवायची होती ना ती! पुढची दुकानं मागे घ्या म्हणावं, चार कमी करा."

"तसं त्याला बसत नाही म्हणतो. आणि समितीला त्याच्याकडून जबरदस्तीनं घरं बांधून घेता येत नाहीत. तिला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुमची एकच हरकत आहे. ती मागे घेतलीत तर पहिलाच आराखडा समितीपुढे जातो. परवा पाचपर्यंत. एक ओळ लिहायची, सही करायची. सही तुमचीच आहे अर्जावर."

थोरली कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसली. सही तिची होती. दोरवाल्याला सही येत नव्हती म्हणून तिनं केली होती, दुसरं कारण नव्हतं.

तिथून ती घरी न जाता खालच्या गल्लीत गेली. सांगून टाकावं, असं मनाशी ठरवूनच गेली. धाकट्याची बायको, धाकटी, दारातच भेटली, ओले कपडे घेऊन. खोलीत वाळत नाहीत म्हणून ती रस्त्यावरच्या कठड्यावर घालायला निघाली होती.

"ताई! या ना. बरं झालं आलात. मी काल तिथे जाऊन आले, माहितीये?"

"कुठे?"

"आपल्या घरात!" धाकटी स्वतःच हसली. "म्हणजे जिथे होणार तिथे. यांनी चुन्यानं आखून दाखवलं. इकडे दार, इकडे मोरी. खिडकी तुमच्या वाटेकडेच येते. मी म्हटलं, बरं झालं, सकाळी उठून ताईंना हाक मारता येईल. मामंजींना तर पोरीचा आवाज तिथे बसल्या बसल्या येईल."

पोरगी चटईवर झोपली होती. श्वास घेताना तिचं पोट आत ओढलं जात होतं. थोरलीनं तिच्या कपाळावर हात ठेवला. भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी बुरशी चढली होती. धाकट्यानं दोनदा घासून चुना दिला होता, ती पुन्हा वर आली होती.

"ताई, काही काम होतं का?"

"नाही गं. इकडून चालले होते, म्हटलं डोकवावं."

ती परत निघाली, आणि वाटेत तिला चार वर्षांपूर्वीचा पाऊसकाळ आठवला. वाटेवर गुडघाभर पाणी होतं, दोन महिने काम बंद. दोरवाला धाकट्याच्याच ओळखीनं एका बांधकामावर विटा वाहायला गेला होता. ती डबा घेऊन गेली तेव्हा तिला दिसलं, डोक्यावर विटा घेऊन तो फळीवरून उतरत होता आणि पाऊल चाचपत होता. मागून मुकादम ओरडला, "ए उलट्या! पुढे बघून चालता येत नाही का?" सगळे हसले. दोरवालाही हसला. त्यानं डबा घेतला, खाल्ला आणि तिला म्हणाला, "तू इथे येत जाऊ नकोस." दोन महिने तो रोज घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला. तेव्हा तो पन्नाशीचाही नव्हता.

ती घरी पोचली. दोरवाल्यानं विचारलं, "तारीख मिळाली?"

"शुक्रवारची आहे."

"आणखी काही म्हणाल्या?"

"काही नाही."

मंगळवारी ती चाकावर होती. दोरवाला मागे सरकत होता, तिच्याकडे बघत. तो नेहमीच बघायचा. चाक जलद हवं की हळू, ते भुवईनं सांगायचा. ती मधूनच नजर वळवत होती. "सुनबाई," म्हातारा म्हणाला, "आज चाक धड फिरत नाहीये. बरं नाही का?" ती म्हणाली, "खांदा दुखतोय." खांदा खरंच दुखत होता, नेहमीइतका.

बुधवारी ऊन उतरल्यावर तिनं पेटीतून कोरा कागद काढला. लिहिलं: मी माझी हरकत. पुढचा शब्द लिहिला नाही. कार्यालय अर्ध्या तासाच्या अंतरावर. चार वाजले असावेत. बाहेरून दोरवाल्याचा आवाज आला, "येतेस का? होडीवाल्याचा दोर वळून टाकू, वारा पडलाय."

दोर वळणं म्हणजे शेवटचं काम. तीन ताणलेली सुतं, मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा, आणि चाकानं पीळ दिला की ठोकळा आपोआप पुढे पळतो, मागे गोल घट्ट दोर तयार होत जातो. ते मधे सोडता येत नाही. थोरलीनं कागद चुलीत टाकला आणि चाकाशी जाऊन उभी राहिली. दांडा दोन्ही हातांनी धरला. फिरवत राहिली. पंपाच्या खोलीवरचा पाचचा भोंगा वाजला तेव्हा ठोकळा साठ पावलांवर होता, आणि दोरवाला त्याच्याबरोबर चालत होता, एका हातानं दोर चाचपत, तोंडावर समाधान. ती फिरवत राहिली.

शुक्रवारी समितीनं निकाल वाचून दाखवला. हरकत मान्य. दोर वळण्याची वाट व झाडे कायम. सुधारित आराखड्यास मंजुरी. अध्यक्षबाई वाचताना एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, "मागची इमारत वगळल्याबद्दल समिती खेद नोंदवत आहे." मग पुढचं प्रकरण पुकारलं.

मागच्या बाकांवर क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग एक म्हातारी बाई मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे आमची घरं गेली?" धाकटा उभा होता. तो दोरवाल्याकडे बघत होता आणि दोरवाला त्याच्याकडे. दोघांचीही तोंडं सारखीच उघडी.

"असं कसं?" दोरवाला म्हणाला. "सरकवायची होती ना? अरे, आपण तर सरकवायला सांगितलं होतं!"

धाकटा बाहेर निघून गेला.

दोरवाला तीनदा त्याच्याकडे जाऊन आला. पहिल्यांदा दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा धाकटा कामावर गेला होता. तिसऱ्यांदा उंबऱ्यावर उभ्याउभ्या धाकटा म्हणाला, "दादा, तुझी चूक नाही. पण आत्ता तुझं तोंड बघवत नाही मला." यादीतल्या दोन बायका थोरलीला पाण्याच्या नळावर भेटल्या, तेव्हा त्यांनी आपली भांडी उचलून बाजूला ठेवली, तिच्या भांड्याला लागू नयेत अशी.

महिन्याभरानं कळलं की धाकटा दूरच्या शहरात चाललाय. तिथे मोठं काम होतं, राहायला पत्र्याची खोली मिळणार होती; कोरडी तरी असेल. ज्या सकाळी टेम्पो यायचा होता त्या सकाळी दोरवाला चाकापाशी गेलाच नाही. म्हाताऱ्याला हाताला धरून त्यानं खालच्या गल्लीत आणलं. थोरली मागून चालली.

सामान थोडंच होतं. धाकट्यानं भावाच्या हातातून पलंगाचं टोक घेतलं नाही, पण सोड असंही म्हणाला नाही; दोघांनी मिळून तो चढवला. म्हातारा पोरीला मांडीवर घेऊन पायरीवर बसला आणि तिच्या छातीला कान लावून ऐकत राहिला. धाकटी थोरलीच्या पाया पडली. थोरलीनं तिला उठवलं आणि तिचा पदर सारखा केला.

टेम्पोचं फळकूट लावून झाल्यावर धाकटा हात झटकत वहिनीसमोर आला.

"वहिनी, एक विचारायचं होतं. कार्यालयात मी गेलो होतो परवा, नाव काढून घ्यायला. तिथे एकजण म्हणाला की सुधारित आराखडा निकालाच्या आदल्या सोमवारीच आला होता, आणि हरकत मागे घ्यायला बुधवारपर्यंत मुदत होती. तो म्हणाला, हरकतवाल्यांना कळवलं असेल. मी त्याला म्हटलं, शक्य नाही. आमच्या वहिनीला कळलं असतं तर ती पहिली मला सांगायला आली असती." तो थांबला. "तेवढंच विचारायचं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. तो तयारच होता नाही ऐकायला. त्याला तेच ऐकून जायचं होतं. थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांचा असताना खोटं बोलला म्हणून तिनं याच्या पाठीत एकदाच धपाटा घातला होता, आणि मग स्वतःच रडली होती.

"होतं," ती म्हणाली.

धाकटीच्या हातातली पिशवी खाली आली. धाकट्यानं एकदा मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. बापाच्या मांडीवरून पोरीला उचललं, बायकोला पुढे चढवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला." टेम्पो गल्लीच्या वळणावर अडला, मागे आला, पुन्हा वळला, आणि गेला.

 परतताना दोघांच्यामध्ये चालत म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "काय म्हणाला तो शेवटी?" दोरवाल्यानं त्याला हाताला धरून खड्डा चुकवला, तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोरवाला उठला, वाख भिजवला, जुडगा कमरेला गुंडाळला. थोरली चाकाशी आली. त्यानं तंतू आकड्यात अडकवले आणि मागे सरकू लागला. नजर बोटांवर. भुवई हलली नाही. चाक जलद झालं की सूत तुटत होतं, तो खाली वाकून जोडत होता आणि पुन्हा चालत होता. असे चार फेरे झाले. पाचव्याला तो शेवटच्या खुंटीपाशी गेला, सूत बांधलं, आणि परत आलाच नाही. तिथेच झाडाला टेकून बसला.

थोरलीनं वाट पाहिली. मग चाक सोडून ती निघाली. इतक्या वर्षांत ती त्या टोकाला कामाच्या वेळी कधी गेली नव्हती. चालायला बराच वेळ लागतो, हे तिला तेव्हा कळलं. ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या आणि एका भेगेत ओलं रक्त होतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं वर न बघता विचारलं.

"तुम्ही हरकत मागे घ्यायला लावली असती."

 वाऱ्यानं त्याच्या कमरेचा वाख वाळत चालला होता, त्याची टोकं उडत होती.

"हो," तो म्हणाला. "लावली असती."

मग तो जमिनीला हात टेकून उठला. ती चाकाकडे परत चालू लागली, आणि तिला मागून त्याची सरळ पावलं ऐकू येत होती, जरा अंतर ठेवून.